इंग्लंडमधल्या फ्लॅटचं लीज वाढवायचंय? कुठून सुरुवात करायची आणि कुठे गाडी अडते

हॅरो, हाउन्स्लो, स्लाव, रेडिंग कुठेही आपल्या लोकांनी फ्लॅट घेतला की पहिली दोन-तीन वर्षं मॉर्गेज, सर्व्हिस चार्ज, बॉयलर आणि पार्किंग यातच जातात, लीजचा कागद कोणी उघडून बघत नाही. मग एक दिवस रीमॉर्गेज करायला जावं तर बँक विचारते, लीजची किती वर्षं उरलीत? तिथून धावपळ सुरू.

आधी बेसिक गोष्ट. पुण्या-ठाण्यात आपण ओनरशिपचा फ्लॅट म्हणतो तसा प्रकार इंग्लंड-वेल्समध्ये फ्लॅटच्या बाबतीत जवळपास नाहीच. तुम्ही जे विकत घेतलंय तो ठरावीक वर्षांचा भाडेपट्टा आहे, ९९, १२५, कधी ९९९ वर्षांचा. बिल्डिंग आणि जमीन फ्रीहोल्डरची, म्हणजे लँडलॉर्डची. नवी मुंबईत सिडकोच्या जमिनीवरच्या सोसायटीत राहिलेल्यांना हे पटकन कळतं, बाकीच्यांना जरा वेळ लागतो. वर्षं संपली की फ्लॅट कायद्याने त्याच्याकडे परत जाऊ शकतो (लगेच सामान बाहेर काढत नाहीत, राहणाऱ्याला थोडं संरक्षण आहे, पण मालकी गेली ती गेलीच). आणि वर्षं कमी होत जातात तशी फ्लॅटची किंमतही उतरते आणि लीज वाढवायचा खर्च चढतो. दोन्ही बाजूंनी खिशाला चाट.

सुदैवाने १९९३ च्या कायद्याने फ्लॅटवाल्यांना हक्क दिलेला आहे: उरलेल्या मुदतीत आणखी ९० वर्षं मिळवायची आणि ग्राउंड रेंट (लँडलॉर्डला दरवर्षी द्यायचं जमिनीचं भाडं) शून्य करायचा, लँडलॉर्डला आवडो न आवडो. त्याबदल्यात त्याला एकरकमी पैसे द्यायचे, त्याला प्रीमियम म्हणतात. हा लेख त्या प्रोसेसबद्दल आहे. लेख फ्लॅटबद्दलच आहे, लीजहोल्ड घर म्हणजे हाउस असेल तर १९६७ चा वेगळा कायदा लागतो आणि तिथे सहसा लीज वाढवण्यापेक्षा फ्रीहोल्डच विकत घेणं शहाणपणाचं. स्कॉटलंडवाल्यांनी हे वाचायची गरज नाही, तिकडे असली लांब मुदतीची जुनी लीजेस २०१५ मध्येच मालकीत बदलून टाकली.

पहिलं काम: नक्की किती वर्षं उरलीत ते स्वतः बघा

एजंटने सांगितलं, जाहिरातीत लिहिलं होतं, शेजारी म्हणाला, यावर विसंबू नका. एचएम लँड रजिस्ट्रीच्या सरकारी साइटवर जाऊन तुमच्या फ्लॅटचं टायटल रजिस्टर डाउनलोड करा, ७ पौंड पडतात. गूगलवर शोधलं की वर खाजगी साइट्स येतात ज्या हाच कागद तिप्पट-चौपट पैशात विकतात, त्यांच्या नादी लागू नका, पत्त्यात गव्ह डॉट यूके आहे ना ते बघा.

रजिस्टरच्या पहिल्या भागात, प्रॉपर्टी रजिस्टरमध्ये, लीजची माहिती असते: तारीख, मुदत, पक्षकार. इथे नीट बघा. लीजवर तारीख असते समजा १४ मे २०१०, आणि खाली मुदत लिहिलेली असते ९९ वर्षं, २४ जून २००९ पासून. मोजायचं ते दुसऱ्या तारखेपासून, पहिल्या नाही. बिल्डर सगळ्या बिल्डिंगची मुदत एकाच दिवशी सुरू करतो आणि फ्लॅट पुढे वर्ष-दोन वर्षं विकत राहतो म्हणून असा फरक पडतो. कौन्सिलच्या जुन्या फ्लॅट्समध्ये तर हा फरक खूप मोठा असू शकतो, राइट टू बायमध्ये (कौन्सिलच्या भाडेकरूला राहतं घर सवलतीत विकत घेऊ देणारी योजना) विकलेल्या फ्लॅटची १२५ वर्षं बऱ्याचदा त्या ब्लॉकमधला पहिला फ्लॅट विकला गेला तेव्हापासून धरलेली असतात, त्यामुळे १९९५ ला विकलेल्या फ्लॅटची मुदत १९८३ पासून चालू झालेली सापडते आणि माणूस बारा वर्षं जास्त धरून बसलेला असतो.

वरच्या उदाहरणात २००९ अधिक ९९ म्हणजे २१०८. २०२६ च्या जूनमध्ये ८२ वर्षं उरतात. आणि २४ जून २०२८ ला उरतात ८०. ही ८० वाली तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका, दोन वर्षं आधीचा रिमाइंडर लावून.

सोबत मूळ लीजचीही कॉपी मागवून घ्या, ती पण लँड रजिस्ट्रीकडेच मिळते. त्यात ग्राउंड रेंटचं कलम शोधा. दरवर्षी सरळ २०० पौंड असेल तर ठीक. दर १० वर्षांनी दुप्पट असं लिहिलं असेल तर तुमचा प्रीमियम चांगलाच वाढणार, कारण लँडलॉर्डचं तेवढं भविष्यातलं उत्पन्न तुम्ही बुडवताय आणि त्याची भरपाई त्याला द्यायचीय.

८० चा आकडा एवढा का गाजतो

प्रीमियममध्ये मुख्य तीन गोष्टी येतात. एक, लँडलॉर्डचा बुडणारा ग्राउंड रेंट. दोन, फ्लॅट त्याच्याकडे परत जायचा होता तो आता ९० वर्षं उशिरा जाणार, त्याचं नुकसान. आणि तीन, मॅरेज व्हॅल्यू. लीज वाढवल्याने फ्लॅटची किंमत जी वाढते त्यातून पहिले दोन भाग वजा करायचे आणि उरलेल्या फायद्याचा निम्मा हिस्सा लँडलॉर्डला द्यायचा, याला मॅरेज व्हॅल्यू म्हणतात (नाव कोणी ठेवलं देव जाणे, यात मंगल काही नाही). ही तिसरी गोष्ट ८० पेक्षा जास्त वर्षं उरली असतील तर शून्य धरतात. बरोबर ८० किंवा त्याखाली गेलात की लागू. एक दिवसाने हुकलं तरी लागू.

आकड्यात बघू. मोठ्या लीजसकट फ्लॅटची किंमत ३,००,००० पौंड, ग्राउंड रेंट वर्षाला सरळ २०० पौंड. भविष्यातली किंमत आजच्या पैशात आणायला फ्लॅटसाठी ५ टक्के हा दर वापरतात, तो स्पोर्टेली नावाच्या केसपासून ठरून गेलेला आहे. ग्राउंड रेंटसाठी ६ टक्के धरू. ८२ वर्षं उरली असताना साधारण ५,५०० पौंड परत मिळणाऱ्या फ्लॅटचे आणि ३,३०० ग्राउंड रेंटचे, म्हणजे एकूण ८,७०० च्या आसपास. आता तोच फ्लॅट, तीच किंमत, पण ७८ वर्षं उरलीत. पहिले दोन भाग मिळून होतात ९,९०० च्या जवळपास. वर मॅरेज व्हॅल्यू: कमी लीजमुळे फ्लॅट आज समजा ९३ टक्के किमतीचा धरला तर निम्मा हिस्सा येतो साधारण ५,५००. एकूण १५,४०० च्या पुढे. म्हणजे चार वर्षं आळस केला त्याचे साडेसहा हजार पौंडांहून जास्त. आणि हा बाहेरगावचा फ्लॅट झाला, लंडनमध्ये फ्लॅट महाग तसा हा फरक त्याच प्रमाणात वाढत जातो.

तो ९३ टक्के मी उदाहरणापुरता घेतलाय. खरं भांडण याच आकड्यावर होतं, लँडलॉर्डचा सर्व्हेअर (फ्लॅटची किंमत काढणारा तज्ज्ञ) ८९ म्हणणार, तुमचा ९४ म्हणणार, त्यासाठी वेगवेगळे ग्राफ आहेत आणि त्यावर वर्षानुवर्षं केसेस झाल्यात.

थांबायचं की आत्ता करायचं

सध्या प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हाच प्रश्न. २०२४ ला लीजहोल्ड अँड फ्रीहोल्ड रिफॉर्म अ‍ॅक्ट पास झाला. त्यात ९० च्या जागी ९९० वर्षं, मॅरेज व्हॅल्यू रद्द, लँडलॉर्डचा वकील-सर्व्हेअरचा खर्च सहसा तुमच्या माथी नाही, असं सगळं गोड गोड आहे. पण कायदा पास होणं आणि लागू होणं यात फरक आहे, आणि हे लिहीपर्यंत हे महत्त्वाचे भाग लागू झालेले नाहीत. मोठे फ्रीहोल्डर त्याविरुद्ध हाय कोर्टात गेले होते, ऑक्टोबर २०२५ मध्ये कोर्टाने त्यांचं म्हणणं फेटाळलं. तरीही लागू करायला आणखी नियम, दर, सगळं ठरवावं लागणार.

त्यातली एक गोष्ट मात्र लागू झालीये आणि ती मोठी आहे. आधी फ्लॅट घेऊन दोन वर्षं झाल्याशिवाय हक्क मिळायचा नाही, ती अट ३१ जानेवारी २०२५ पासून गेली. जुने लेख, जुने व्हिडिओ अजून दोन वर्षं थांबा सांगतात, ते सोडून द्या.

माझं मत विचाराल तर असं. ९५-१०० च्या वर वर्षं असतील तर शांत बसा, नवीन कायदा येऊ द्या. ८१ ते ८५ च्या पट्ट्यात असाल तर कायद्याची वाट बघत ८० ची रेषा ओलांडणं हा जुगार आहे, सरकारच्या वेळापत्रकावर स्वतःचे पैसे कशाला लावायचे, लीज वाढवून मागायची कायदेशीर नोटिस (सेक्शन ४२ ची, खाली सांगतो) देऊन टाका. ८० च्या खाली आधीच गेला असाल, विकायचं नाहीये, मॉर्गेजची मुदतही लांब आहे, तर थांबण्यात अर्थ आहे कारण मॅरेज व्हॅल्यू गेली तर सगळ्यात जास्त फायदा तुमचाच. पण ७० च्या आसपास असाल आणि दोन वर्षांत फिक्स्ड डील संपतंय तर बँकेला विचारल्याशिवाय थांबू नका, प्रत्येक बँकेची किमान वर्षांची अट वेगळी आणि एकदा त्याखाली गेलात की नवीन डील मिळत नाही, विकायलाही फक्त रोख पैसेवाला गिऱ्हाईक उरतो आणि तो भाव पाडून मागणार हे सांगायला नको.

लँडलॉर्डचं पत्र आलं तर

बऱ्याच जणांना फ्रीहोल्डरकडून किंवा त्याच्या एजंटकडून पत्र येतं, आम्ही तुमचं लीज वाढवून देतो, इतके पौंड, ३० दिवसांची ऑफर. याला इनफॉर्मल रूट म्हणतात, म्हणजे कायद्याच्या नोटिसशिवाय आपसात ठरवणं. यात वाईट असं काही नाही, लवकर होतं, कधीकधी स्वस्तही पडतं. पण वाचताना डोळे उघडे ठेवा.

एक म्हणजे लीज ९९ वर्षांपर्यंत वाढवून देऊ असं लिहिलेलं असतं. तुमची ७२ उरली असतील तर हे फक्त २७ वर्षं झाले, कायद्याने तुम्हाला ९० मिळतात म्हणजे १६२. वीस वर्षांनी परत तेच रडगाणं आणि परत तोच खर्च. दुसरं ग्राउंड रेंट. ३० जून २०२२ पासून नवीन लीजवर ग्राउंड रेंट लावता येत नाही, पण आपसात वाढवलेल्या लीजमध्ये जुनी मुदत संपेपर्यंत जुना ग्राउंड रेंट चालू ठेवता येतो, म्हणजे तुमच्या हयातीत तो चालूच राहणार. पत्रातला आकडा कमी दिसतो त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. तिसरं, आपसातल्या बोलण्याला कायद्याची कुठलीही डेडलाइन नाही. सहा महिने ईमेल-ईमेल खेळून लँडलॉर्ड मागे फिरू शकतो, भाव बदलू शकतो, आणि तेवढ्यात तुमचं ८० च्या जरा वर असलेलं लीज ८० च्या खाली गेलेलं असतं. ८० च्या जवळ असताना नुसत्या बोलण्यावर अजिबात राहू नका. आधी नोटिस, मग हवं तेवढं बोला, नोटिस दिल्यावरही आपसात तडजोड करता येते.

माणसं कोण लागतील

दोन. एक सर्व्हेअर, एक सॉलिसिटर. दोघेही लीज एक्सटेन्शनचंच काम नेहमी करणारे हवेत. फ्लॅट घेताना जो स्वस्तातला कन्व्हेयन्सर (खरेदीचे कागद करणारा) होता तो माणूस चांगला असेल पण या कामातल्या तारखा चुकल्या की माफी नाही, त्यामुळे ओळखीचा आहे, मराठी आहे, काकांच्या मित्राचा मुलगा आहे यावर जाऊ नका. सर्व्हेअर आरआयसीएसचा (सर्व्हेअर लोकांची व्यावसायिक संस्था) मेंबर बघा. या कामातल्या लोकांची अलेप नावाची संघटना आहे, तिच्या यादीतून दोघंही मिळतात. दोन-तीन कोट मागवा आणि विचारा की वर्षाला अशी किती कामं करता, माझ्या एरियात केलीत का, ट्रायब्युनलपर्यंत (असे वाद सोडवणारं न्यायाधिकरण) गेलो तर तुम्हीच येणार का.

त्याआधी फुकट मदत घ्या. लीजहोल्ड अ‍ॅडव्हायझरी सर्व्हिस ही सरकारी पैशावर चालणारी संस्था आहे, त्यांच्या साइटवर कॅल्क्युलेटर आहे, प्रीमियमचा अंदाज देतो. अंदाजच तो, पण सर्व्हेअरशी बोलायला जाताना आपल्या हातात काहीतरी आकडा असलेला बरा.

पैशाची तयारी करताना नुसता प्रीमियम धरू नका. तुमचा सर्व्हेअर, तुमचा सॉलिसिटर, वर लँडलॉर्डचा सॉलिसिटर आणि लँडलॉर्डचा सर्व्हेअर. हो, त्याचेही वाजवी पैसे तुम्हीच द्यायचे, आजचा कायदा असाच आहे. चौघांचे मिळून व्हॅटसकट काही हजार पौंड सहज होतात. त्यातही नोटिस देऊन नंतर तुम्ही माघार घेतली तरी तोवरचा त्याचा खर्च तुमच्याच अंगावर, त्यामुळे बघू तरी काय म्हणतो म्हणून नोटिस देऊ नये. समाधान एवढंच की भांडण ट्रायब्युनलमध्ये गेलं तर तिथला त्याचा खर्च सहसा त्याचा तोच भरतो.

सर्व्हेअर घरी येईल तेव्हा त्याला आवर्जून सांगा की तुम्ही स्वतःच्या पैशाने काय काय केलंय: स्वयंपाकघर तोडून मोठं केलं, दुसरं बाथरूम काढलं वगैरे. तुम्ही किंवा तुमच्या आधीच्या मालकाने केलेल्या सुधारणांमुळे वाढलेली किंमत प्रीमियम काढताना धरत नाहीत. बिलं, जुने फोटो, फ्लॅट घेतानाची जाहिरात, सगळं काढून ठेवा. ही गोष्ट फार लोक विसरतात आणि स्वतःच्याच मॉड्युलर किचनचे पैसे लँडलॉर्डला देऊन बसतात.

सेक्शन ४२ ची नोटिस

ही या सगळ्याची किल्ली. १९९३ च्या कायद्यातल्या ४२ व्या कलमाची नोटिस सॉलिसिटर तयार करतो. त्यात फ्लॅटची आणि लीजची माहिती, तुम्ही किती प्रीमियम देऊ करताय, आणि लँडलॉर्डने कुठल्या तारखेपर्यंत उत्तर द्यायचं (किमान दोन महिने द्यावे लागतात) हे सगळं असतं.

नोटिस दिली की त्या दिवसाला काटा थांबतो. उरलेली वर्षं, फ्लॅटची किंमत, सगळं त्या तारखेचं धरलं जातं, पुढे काम दीड वर्ष लांबलं तरी. म्हणून ८० च्या आधी नोटिस पोचली पाहिजे, काम पूर्ण व्हायला पाहिजे असं नाही.

देऊ केलेला आकडा कमी ठेवायचा, घासाघीस होणारच आहे, पण थट्टा वाटेल इतका कमी नाही. अवास्तव आकडा टाकल्यामुळे अख्खी नोटिसच बाद ठरल्याची केस आहे, १९९८ ची. सर्व्हेअर साधारण एक रेंज देतो, चांगल्यात चांगलं काय, वाईटात वाईट काय. नोटिशीत त्यातल्या खालच्या टोकाच्या आसपासचा आकडा जातो.

दुसरी अडचण म्हणजे नोटिस कोणाला द्यायची. सोपं वाटतं, पण बऱ्याच बिल्डिंगमध्ये फ्रीहोल्डर वेगळा, मधे एक हेड लीजवाला (फ्रीहोल्डरकडून अख्खी बिल्डिंग लीजवर घेतलेला), आणि सर्व्हिस चार्ज गोळा करणारी मॅनेजिंग कंपनी तिसरीच. मॅनेजिंग एजंटला नोटिस दिली म्हणजे काम झालं असं नाही. ज्याच्याकडे तुम्हाला ९० वर्षं वाढवून देण्याइतकी मुदत आहे तो खरा लँडलॉर्ड, आणि बाकीच्यांना कॉप्या. हे काम सॉलिसिटरचं, पण विचारायला हरकत नाही की हेड लीज तपासलं का.

नोटिस गेली की सॉलिसिटरला लँड रजिस्ट्रीत तिची नोंद करायला सांगा. मधेच फ्रीहोल्ड दुसऱ्या कंपनीला विकलं गेलं (आणि हे इथे सर्रास होतं, पत्रावरचं नाव दर दोन वर्षांनी बदलतं) तर नवीन मालकालाही तुमची नोटिस बांधील राहते.

यानंतर लँडलॉर्ड तीन गोष्टी करू शकतो. टायटलचा पुरावा मागेल. त्याचा सर्व्हेअर फ्लॅट बघायला येईल, येऊ द्यावं लागतं. आणि डिपॉझिट मागेल: देऊ केलेल्या रकमेच्या १० टक्के किंवा २५० पौंड, जे जास्त असेल ते. मागितलं की वेळेत द्या, त्यासाठी पैसे आधीच बाजूला काढून ठेवा.

उत्तर आल्यावर

लँडलॉर्डचं उत्तर म्हणजे काउंटर नोटिस. बहुतेक वेळा तो हक्क मान्य करतो आणि तुमच्या दीडपट-दुप्पट आकडा सांगतो. घाबरू नका, हा खेळाचाच भाग. मग दोन्ही सर्व्हेअर बोलतात, मधे कुठेतरी जमतं.

आता तारखा, आणि इथेच लोकांचं घोडं पेंड खातं. काउंटर नोटिस मिळाल्यापासून पहिले दोन महिने बोलणी. जमलं नाही तर दोन महिन्यांनंतर पण सहा महिन्यांच्या आत फर्स्ट टियर ट्रायब्युनलकडे अर्ज करायचा (वेल्समध्ये त्यांचं वेगळं ट्रायब्युनल आहे). सहा महिने उलटले आणि अर्ज नाही, तर नोटिस मागे घेतली असं धरतात. मग पुढचे १२ महिने नवीन नोटिस देता येत नाही, लँडलॉर्डचा खर्च भरायचा, आणि दरम्यान ८० ची रेषा ओलांडली असेल तर मॅरेज व्हॅल्यू डोक्यावर. बोलणी छान चाललीत, समोरचा सर्व्हेअर पुढच्या आठवड्यात सांगतो म्हणतोय, म्हणून अर्ज टाळू नका. अर्ज केला म्हणजे लगेच कोर्टात उभं राहायचं असं नसतं, बहुतेक केसेस सुनावणीच्या आधीच मिटतात आणि अर्ज केल्यावर समोरची बाजूही जरा हलते.

तारखा सॉलिसिटर सांभाळतोच, पण स्वतःच्याही डायरीत लिहा आणि पाचव्या महिन्याच्या सुरुवातीला एक साधा ईमेल टाका: अर्ज कधी करताय? लेखी उत्तर घ्या.

लँडलॉर्डने मुदतीत उत्तरच दिलं नाही तर? मग काउंटी कोर्टात जायचं, तिथेही सहा महिन्यांची मुदत आहे, आणि अशा वेळी बऱ्याचदा तुम्ही नोटिशीत लिहिलेल्या अटींवरच लीज मिळतं, म्हणजे उलट लॉटरीच. लँडलॉर्डचा पत्ताच लागत नसेल, कंपनी बंद पडलेली असेल, तरी मार्ग आहे, कोर्ट त्याच्या वतीने सही करायची व्यवस्था करतं, वेळ मात्र जास्त जातो.

आकडा आणि अटी ठरल्या की काम पूर्ण करायला दोन महिने. त्यात नाही झालं तर पुढच्या दोन महिन्यांत कोर्टात अर्ज करावा लागतो, नाहीतर इथेही नोटिस गेली. कायदेशीर मार्गात तुमचं मॉर्गेज आपोआप नवीन लीजवर येतं, तरी बँकेला कळवायचं. आपसातल्या मार्गात मात्र बँकेची लेखी परवानगी आधी घ्यावी लागते, त्यात काही आठवडे जातात. प्रीमियमसाठी बँकेकडूनच जादा कर्ज घ्यायचं असेल तर ते बोलणं आकडा ठरायच्या आधीच सुरू करा. स्टॅम्प ड्यूटी प्रीमियम १,२५,००० पौंडांच्या आत असेल आणि हेच तुमचं एकमेव राहतं घर असेल तर साधारणपणे लागत नाही. भाड्याने दिलेला दुसरा फ्लॅट असेल तर मात्र सॉलिसिटरला स्पष्ट विचारा, जादा दराचा नियम कमी रकमेलाही लागू शकतो.

फ्लॅट अजून घेतलाच नसेल तर

हे खास नवीन लोकांसाठी. आवडलेल्या फ्लॅटचं लीज ७८-७९ वर्षांचं निघालं म्हणून लगेच सोडू नका आणि एजंट म्हणतो नंतर वाढवून घ्या म्हणून पूर्ण किंमतही देऊ नका. दोन रस्ते आहेत. एक, वाढवायचा सगळा खर्च काढून तेवढी किंमत कमी करायला लावा. दुसरा, विकणाऱ्यालाच सेक्शन ४२ ची नोटिस द्यायला लावा आणि खरेदीच्याच दिवशी त्या नोटिशीचा हक्क तुमच्या नावावर करून घ्या. दोन वर्षांची अट गेल्यामुळे आता तुम्ही स्वतःही लगेच नोटिस देऊ शकता, पण खरेदीनंतर लँड रजिस्ट्रीत नाव लागायला महिने जातात, आणि लीज ८० वर्षं ३ महिने अशा अवस्थेत असेल तर विकणाऱ्याची नोटिसच कामी येते. हक्क ट्रान्सफर त्याच दिवशी फ्लॅटसोबत व्हायला हवा, नंतर कागद करू म्हटलं तर ती नोटिस बाद.

शेअर ऑफ फ्रीहोल्ड लिहिलेला फ्लॅट असेल तरी लीज असतंच, फक्त फ्रीहोल्ड तुम्हा शेजाऱ्यांच्याच किंवा तुमच्या कंपनीच्या नावावर असतं. तिथे सगळे मिळून ठरवलं तर ९९९ वर्षं करून घेता येतात आणि खर्च फक्त वकिलाचा. शेजाऱ्यांशी बोलणं चालू असताना करून टाका, पार्किंगवरून वाजल्यावर सह्या मिळत नाहीत. शेअर्ड ओनरशिप (घराचा काही हिस्सा विकत, बाकीचा हाउसिंग असोसिएशनकडून भाड्याने) असेल तर गोष्ट वेगळी, आधी हाउसिंग असोसिएशनची पॉलिसी लेखी मागवा.

भारतात परत गेलेल्यांसाठी

कितीतरी जण पुण्या-नाशिकला परत गेलेत आणि इकडचा फ्लॅट भाड्याने दिलाय. त्यांचा घोळ असा की लँड रजिस्ट्रीत पत्ता अजून त्याच फ्लॅटचा, त्यामुळे लँडलॉर्डची पत्रं भाडेकरूच्या दारात पडतात आणि तो ती रद्दीत टाकतो. लँड रजिस्ट्रीत तीन पत्ते देता येतात, त्यात भारतातला आणि ईमेलसुद्धा चालतो, बदल फुकट होतो, आजच करा. लँडलॉर्ड आणि मॅनेजिंग एजंटलाही वेगळं कळवा, लँड रजिस्ट्री त्यांना सांगत नाही. ग्राउंड रेंटची थकबाकी असेल तर भरून टाका, नाहीतर शेवटी हिशोबात ती व्याजासकट समोर येते.

हक्कासाठी तिथे राहत असण्याची अट नाही, भाड्याने दिलेल्या फ्लॅटचंही लीज वाढवता येतं. नोटिशीवर इंग्लंडमध्ये तुमच्या वतीने सॉलिसिटर सही करू शकतो. नवीन लीजवर मात्र तुमची सही साक्षीदारासमोर लागते. साक्षीदार नवरा-बायको किंवा घरातला नको, शेजारी किंवा ऑफिसमधला चालेल, त्याने पूर्ण नाव, पत्ता नीट लिहायचा. कागद कुरिअरने जायला-यायला आठवडा-दोन आठवडे धरा, ओळखपत्रांच्या कॉप्या नोटरीकडून करून घ्यायला सांगतील त्याचा वेळ वेगळा. फ्लॅट दोघांच्या नावावर असेल आणि एक जण तिकडे, एक इकडे असेल तर पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीचं काम नोटिस देतानाच सुरू करा, दोन महिन्यांची शेवटची मुदत चालू असताना नाही.

काम झाल्यावर सॉलिसिटर नवीन लीज लँड रजिस्ट्रीत लावतो. नोंद व्हायला वेळ लागतो, पण झाली की परत ७ पौंड भरून रजिस्टर काढा आणि मुदत, सुरुवातीची तारीख, दोघांची नावं, ग्राउंड रेंटच्या जागी पेपरकॉर्न (म्हणजे शून्य भाडं) हा शब्द, हे सगळं स्वतः तपासा. स्पेलिंग चुकलेलं असेल तर तेव्हाच सॉलिसिटरला सांगून दुरुस्त करून घ्या, फाइल बंद झाल्यावर तो नव्याने फी मागतो. ग्राउंड रेंटची स्टँडिंग ऑर्डर बँकेत चालू असेल तर ती बंद करायचीही आठवण ठेवा, ते पैसे नाहीतर गुपचूप जातच राहतात.